फळीवरची बार्शी लाइट

बावीस डब्यांची एक एक्स्प्रेस घ्या. एलएचबी प्रकारचा डबा चोवीस मीटरच्या जवळपास असतो, म्हणजे इंजिनासकट गाडी साडेपाचशे मीटरच्या घरात गेली. मॉडेल रेल्वेच्या जगात सर्वांत चलतीचं माप एचओ, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं. त्या मापात ही गाडी सव्वासहा मीटर भरते. बिदरमधल्या भाड्याच्या दोन खोल्यांमधलं दार सताड उघडं टाकलं, तरी इंजिन ओट्याला टेकतं आणि शेवटचा डबा जिन्यात राहतो. आणि ही नुसती गाडी झाली. तिला थांबायला स्टेशन हवं, वळायला वळण हवं, आणि दिसेनाशी व्हायला कुठेतरी बोगदा हवा.

हाच हिशेब बिदर–कलबुर्गी मार्गाला लावून पाहा. २९ ऑक्टोबर २०१७ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालेला हा मार्ग सुमारे ११० किलोमीटरचा आहे. त्याआधी बिदरहून रेल्वेनेच कलबुर्गी गाठायची म्हटलं तर विकाराबादला जाऊन वाडीमार्गे उलटं यावं लागे, म्हणून लोक मुकाट्याने एसटी पकडत. हा एवढा मार्ग एचओ मापात मांडला तर सव्वा किलोमीटर लांब होईल. त्यातला मरगुत्तीचा एकटा बोगदाच कित्येक मीटर. म्हणजे जागा कितीही असली तरी खरी रेल्वे जशीच्या तशी कुणाच्याच घरात मावत नाही. मोठा बंगलावाला आणि दोन खोल्यांचा भाडेकरू यांच्यात फरक फक्त किती कापायचं एवढाच. कापायचं दोघांनाही आहे, आणि या छंदातली खरी मजा त्या कापण्यातच आहे असं माझं मत होत चाललं आहे.

मराठी माणसाने हा छंद कुठवर नेला हे पाहायचं तर पुण्यात कोथरूडला जावं लागतं. जी. ए. कुलकर्णी पथावरचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. भाऊसाहेब जोशी हे सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स या उद्योगाचे कर्ते. लहानपणापासून गाड्यांचं वेड. ऐंशीच्या दशकात त्यांनी हलवता येईल अशी एक मांडणी करून पुण्याच्या गोखले हॉलमध्ये दाखवली होती. ती जोडायची, सोडायची, पुन्हा जोडायची या खटाटोपाला कंटाळूनच माणूस कायमच्या जागेचा विचार करतो, हे कुणाही गणपती मंडळाच्या कार्यकर्त्याला सांगावं लागणार नाही. आज तिथे एचओ मापाचं एक अख्खं शहर आहे. पासष्टच्या आसपास सिग्नल, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब, सर्कस, पोहण्याचा तलाव. खोलीतले दिवे मंद होतात, शहरातले लागतात, आणि वाफेच्या इंजिनापासून वेगवान विजेच्या गाडीपर्यंत सगळ्या एकेक करून निघतात. मुलं काचेला नाक लावून उभी असतात आणि बापांना मुलांना मागे ओढायचं निमित्त करून पुढे सरकायचं असतं.

या संग्रहालयाबद्दल मला आदर आहे, तरी एक गोष्ट तिथून बाहेर पडताना मनात राहते. एचओ मापातल्या तयार गाड्या पुष्कळशा जर्मन आणि इतर युरोपीय कंपन्यांच्या, त्यामुळे मांडणीचा चेहरामोहराही तिकडचा होतो. हिरवे उतार, लाल कौलं, टोकदार मनोरे. हे पुण्यातच होतं असं नाही. देशभर ज्यांच्या घरी गाड्या आहेत त्यांच्या भिंतीमागे बहुधा आल्प्स असतो. कमालनगरच्या फलाटावर वाढलेल्या माणसाने घरात आल्प्स उभारावा, यात गैर काही नाही. पण मग खेळणं महाग होतं आणि ओळखीचं काहीच सापडत नाही.

ओळखीचं करायला गेलं की मात्र अडचण रुळांपासून सुरू होते. एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतरावर असतात. त्याला ८७ ने गुणलं की १४३५ मिलिमीटर येतात, आणि ते युरोप-अमेरिकेचं गेज आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. तो खरा दाखवायचा तर रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरवर हवेत, आणि तसे रूळ, तशी चाकं, तसे सांधे बाजारात मिळत नाहीत. म्हणून भारतीय इंजिनाचं मॉडेल बहुतेक वेळा युरोपीय चाकांवर बसवतात. वरून पाहिलं तर कळत नाही. समोरून पाहिलं की रुंद अंगाखाली पाय आखडलेले दिसतात. खऱ्या मापात बोलायचं तर नऊ-साडेनऊ इंचांची चोरी आहे ही. ज्याने एकदा ती पाहिली त्याला नंतर दुसरं काही दिसत नाही.

इथे मला आमच्याच भागातली एक जुनी गाडी आठवते, आणि या लेखाचं निमित्त तीच आहे.

बिदर जिल्हा आज कर्नाटकात असला तरी निजामाच्या काळात उदगीर, अहमदपूर, निलंगा हे सगळे बिदर जिल्ह्याचेच तालुके होते. १९५६ साली राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा ते पलीकडे गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण इकडे राहिले. परळी वैजनाथहून लातूर रोड, उदगीर, कमालनगर, भालकी करत बिदर आणि पुढे विकाराबादला जाणारी लाइन हे सगळं अजूनही एका दोऱ्यात ओवून ठेवते. ती ब्रॉडगेज आणि ती निजामाच्या रेल्वेची. पण त्याच मुलखाच्या पश्चिमेला लातुरात येऊन थांबणारी दुसरी एक गाडी होती, अडीच फुटांच्या रुळांवरची. बार्शी लाइट रेल्वे.

तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता. त्याने हेरलं ते असं. बार्शीची पेठ मोठी, बालाघाटच्या पठारावरचा कापूस आणि धान्य तिथे उतरतं, आणि मुंबई–रायचूर मुख्य लाइन तिथून वीस-एकवीस मैलांवरून निघून जाते. त्या लाइनवरचं स्टेशन तेव्हा बार्शी रोड, आजचं कुर्डुवाडी. मधलं अंतर बैलगाड्या काटत. एवढ्याशा अंतरासाठी ब्रॉडगेज परवडत नव्हता. मग कॅलथ्रॉपने उलट्या टोकाने विचार केला. रूळ किती हलके चालतील? यार्डाला तीस पौंड वजनाचे. त्या रुळांवर एका आसाला किती भार झेपेल? पाच टन. मग इंजिनापासून मालडब्यापर्यंत प्रत्येक आसावर तेवढाच भार येईल असं सगळं बनवायचं. इंजिनाचं वजन चार जोड्यांवर वाटून टाकलं, म्हणून किटसन कंपनीने त्याच्यासाठी बनवलेली पहिली इंजिनं आठ चालक चाकांची होती, मागे चार छोटी चाकं. मालडबे एकाच लांबीचे, पंचवीस फूट, आणि बोगीवर ठेवलेले. प्रवासी डबे चाळीस फूट. रुंदी दोन्हींची सात फूट. हा सगळा सरंजाम भारतात येण्याआधी त्याने १८९४ साली इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूलेला लोकांना चालवून दाखवला. १८९७ च्या मार्चमध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन गाडी धावली. १९०६ ला ती पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला. एकूण दोनशे दोन मैल. १ जानेवारी १९५४ ला सरकारने कंपनी ताब्यात घेतली, आणि लातूरकडचा भाग २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज झाला. नवा मार्ग जुन्या मार्गावरच आहे असंही नाही. जुनी गाडी ज्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) शहराला टाळून जायची, तिथून नवी जाते. त्यामुळे जुन्या मार्गाचे काही तुकडे आज नुसतेच बांध होऊन पडले आहेत.

कॅलथ्रॉप हा मोठा विलक्षण माणूस. पुढे त्याने विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवलं आणि त्याला ‘गार्डियन एंजल’ असं नाव दिलं. अडीच फुटी गाडीवर पाच टनांचा हिशेब बसवणारा माणूस माणसाच्या वजनाकडेही त्याच नजरेने पाहत असणार. असो.

मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने यातला एकच आकडा महत्त्वाचा आहे. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. ८७ ने भागा. पावणेनऊ येतात. आणि जगभर सगळीकडे मिळणारे एन मापाचे रूळ बरोबर नऊ मिलिमीटरचे असतात. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाही कळत नाही. म्हणजे ज्या मापात आपला ब्रॉडगेज खोटा ठरतो, त्याच मापात बार्शी लाइट जवळपास खरी उतरते. फुकटात.

याला थोडं नशीबही कारणीभूत आहे. ऑस्ट्रियात ७६० मिलिमीटरच्या डोंगरी गाड्या पुष्कळ होत्या, काही आजही धावतात. तिकडच्या लोकांनी त्या एचओ मापात बनवताना हेच नऊ मिलिमीटरचे रूळ धरले, आणि त्या जोडीला एचओई असं नाव पडलं. बार्शी आणि ऑस्ट्रिया यांच्यात दोन मिलिमीटर. त्यामुळे चाकं, बोग्या, कपलिंग ही सगळी तयार मिळतात. ब्रिटनची पेको कंपनी अरुंद गाड्यांसाठी मुद्दाम दूरदूर स्लीपर असलेले नऊ मिलिमीटरचे रूळ बनवते. हलक्या लाइनीचा भास त्यात चांगला येतो. आणि जपानी लोक तर घर लहान म्हणूनच एन मापाकडे वळलेले. तिथल्या काटो कंपनीचं पहिलं एन इंजिन १९६५ चं. टोमिक्स ही दुसरी कंपनी १०३ मिलिमीटर त्रिज्येची वळणं विकते, म्हणजे अख्खं वर्तुळ पोळपाटावर मावावं. बार्शीची आठ चाकांची इंजिनं तिथे वळणार नाहीत, हे खरं. पण त्यांना वळवायचंच कशाला?

हा प्रश्न सोडवायला मला एका इंग्रज गृहस्थाची मदत झाली. ॲलन राइट यांनी १९७९ मध्ये ‘इंगलनुक सायडिंग्ज’ नावाची एक छोटीशी मांडणी केली. तिच्यात गाडी गोल फिरत नाही, कुठे जातही नाही. तीन सायडिंग, दोन सांधे, एक इंजिन, आठ मालडबे. सर्वांत लांब सायडिंगवर पाच डबे मावतात, बाकी दोन्हींवर तीन-तीन. आणि डोक्याकडच्या रुळावर इंजिन अधिक तीन डबे. आठ डब्यांच्या आठ चिठ्ठ्या करायच्या, पाच उचलायच्या. ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने गाडी लावायची. एवढाच खेळ. पण क्रम किती होतात ते पाहा. पहिल्या जागी आठ, दुसऱ्या जागी सात, मग सहा, पाच, चार, गुणाकार ६७२०. रोज एक खेळलात तर अठरा वर्षं पुरेल. हातात फक्त डबे ढकलायचे आणि ओढायचे, तरी पाचव्या-सहाव्या चालीला माणूस असा अडकतो की चहा निवतो.

हेच कोडं आता जागेत बसवून पाहा. ब्रॉडगेजचा बीसीएन मालडबा साडेपंधरा मीटरच्या आसपास, एचओत १८ सेंटिमीटर. असे पाच डबे, दोन सांधे, पुढे मोठं डिझेल इंजिन आणि तीन डबे: सात फुटांची फळी लागते. कॅलथ्रॉपचा पंचवीस फुटी मालडबा एचओत ८८ मिलिमीटर. कपलिंग धरून ९५. पाच डबे पावणेपाचशे मिलिमीटर, इंजिन आणि तीन डबे पावणेचारशेच्या वर, दोन सांधे अडीचशे. एकूण अकराशे मिलिमीटर. चार फूट फळी १२२० मिलिमीटरची असते. दोन्हीकडे बोट घालायला जागा उरते.

अमेरिकेतले कार्ल अरेंट म्हणून एक होते, त्यांनी चार चौरस फुटांच्या आतल्या मांडण्यांचाच ध्यास घेतला होता आणि जगभरातल्या असल्या करामती गोळा केल्या. चार फूट लांब, एक फूट रुंद फळी म्हणजे बरोबर त्यांची मर्यादा. ही फळी गोदरेजच्या कपाटावर राहते. पलंगाखाली जाते. घरमालकाने भिंतीला भोक पाडू दिलं नाही तरी लोखंडी मांडणीच्या वरच्या खणात बसते. माझी तिथेच आहे.

फळीवर मी दाखवलाय तो लातूरसारखा मालधक्का. लातूरच म्हणत नाही, कारण लातूरचं यार्ड मोठं होतं. त्याचा एक कोपरा कापून घेतला आहे. एक दगडी गोदाम, एक तराजूची खोली, बैलगाडी वळायला मोकळी जागा, आणि गासड्यांचा ढीग. आठ डब्यांना मी कामं वाटून दिली आहेत: दोन कापसाच्या गासड्यांचे, दोन धान्याच्या पोत्यांचे, एक शेंगांचा, एक रॉकेलची टाकी, एक कोळशाचा उघडा डबा, आणि एक गार्डाचा. गार्डाचा डबा प्रत्येक गाडीत आणि नेहमी शेवटी, हा नियम मी राइटच्या खेळात घुसडला आहे. त्यामुळे क्रम ८४० वर येतात, पण खेळ खऱ्या रेल्वेसारखा होतो. सांधेवाल्याने हिरवा दिवा दाखवल्याशिवाय इंजिन हलायचं नाही, हा आणखी एक. सांधेवालाही मीच आणि ड्रायव्हरही मीच, त्यामुळे वाद होत नाहीत.

रुळांबाबतचा अनुभव सांगायला हवा, कारण पुस्तकात वाचलेलं आणि इथलं हवामान यांचा संबंध नाही. कलबुर्गीकडे मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत तर विचारू नका. धातूचा रूळ तापला की वाढतो, आणि दोन रुळांच्या जोडात फट ठेवली नसेल तर बाजूला फुगतो. खऱ्या रेल्वेतही नेमकं हेच होतं. म्हणून रूळ घालायचे ते सकाळी गारव्यात, मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवून. दुसरं म्हणजे धूळ. मॉडेल इंजिनाला बारा व्होल्टची वीज रुळांतूनच मिळते, चाकांमार्गे. रुळावर धुळीची आणि तेलाची काळी साय बसली की इंजिन चार इंच जाऊन थबकतं. स्पिरिटने भिजवलेलं फडकं दर खेळाआधी फिरवावं लागतं. आणि सांध्यातल्या क्रॉसिंगपाशी स्वस्त सांध्यांना प्लॅस्टिकचा तुकडा असतो, तिथे वीज नसते. चार चाकांचं इंजिन नेमकं तिथेच मरतं. आठ चाकांचं मरत नाही, कारण बाकीची चाकं दोन्हीकडच्या रुळांना धरून असतात. कॅलथ्रॉपने वजन वाटायला घातलेली चाकं माझ्या फळीवर वीज गोळा करायला उपयोगी पडली.

माती हा माझा आवडता भाग. बाजारात हिरव्या गवताची, तपकिरी मातीची पाकिटं मिळतात, पण ती जर्मनीच्या शेताची. इथे ज्या मुलखात बसलो आहोत त्याची माती दाराबाहेर पडली आहे. बिदरचं पठार जांभ्याचं, लाल. भालकी-कमालनगरकडे उतरलात की काळी. शहाबाद-वाडीकडे फरशीचा करडा चुरा. हे तिन्ही वस्त्रगाळ करून घ्यायचं, तव्यावर भाजून घ्यायचं म्हणजे त्यातली ओल आणि किडे जातात, मग पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलवर शिंपडायचं. काळ्या मातीचा ओला थर वाळला की तडकतो. खऱ्या शेतातही तडकतोच, म्हणून मी तो तसाच ठेवला.

पण एक काळजी घ्यावी लागते, आणि ती मला कुठल्या परदेशी पुस्तकाने शिकवली नसून एका लोहचुंबकाने शिकवली. चाळलेल्या मातीवरून कागदात गुंडाळलेला चुंबक फिरवला की त्याला काळसर बारीक केस उगवतात. बेसाल्टपासून झालेल्या आपल्या रेतीत मॅग्नेटाइट असतं, आणि जांभ्यात तर लोहच लोह. इंजिनाच्या मोटरीत चुंबक असतो. फळीवरची माती जरा हलली की हे कण मोटरीत जाऊन बसतात, आणि मग ती घरघरते. चुंबक पुन्हा पुन्हा फिरवायचा, केस उगवायचे थांबेपर्यंत. बिदरीकाम करणारे कारागीर किल्ल्यातली माती मुद्दाम शोधून वापरतात, तिने जस्ताची भांडी काळी होतात; आपल्याला तीच माती निवडून घ्यावी लागते. इथल्या मातीत काहीतरी आहे हे मात्र खरं.

झाडांसाठी वाळलेल्या तुरीच्या तुराट्यांची टोकं चालतात. कलबुर्गीची तूर २०१९ पासून भौगोलिक मानांकनाची मानकरी आहे. तिच्या टोकाच्या बारीक फांद्या लहान मापात बाभळीसारख्या दिसतात. त्यांवर रंगवलेला लाकडाचा भुसा. कापसाच्या गासड्या म्हणजे थर्मोकोलचे चौकोनी तुकडे, वर जुन्या धोतराचं कापड, वर शिवणकामाचा दोरा आवळून. एचओत माणूस वीस मिलिमीटरचा होतो. तयार मिळतात त्या बाहुल्या टोपीवाल्या, कोटवाल्या. त्यांना फेटा घालायचा तर टिश्यू पेपरची चिमूट फेविकॉलमध्ये बुडवून डोक्यावर पिळायची. कोट खरडून काढला, पांढरा रंग दिला की हमाल झाला. धोतर जमत नाही. धोतराच्या निऱ्या वीस मिलिमीटरमध्ये कशा दाखवायच्या, याचं उत्तर कुणाकडे असेल तर कळवावं.

खरी अडचण इंजिनाची. कॅलथ्रॉपच्या आठ चाकी इंजिनाचं तयार मॉडेल दुकानात मिळेल ही आशा ठेवू नये. करणारे लोक दोन वाटा धरतात. एक, जपानी एन मापाच्या इंजिनाचं चेसिस घ्यायचं आणि वर प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून बांधलेला देह बसवायचा. दोन, संगणकावर आकृती काढून थ्रीडी प्रिंट करून घ्यायची. चेसिसची चाकं आणि देहाची चाकं जुळत नाहीत; कुठेतरी डोळेझाक करावीच लागते. इथे कॅलथ्रॉपची आणखी एक गाडी मदतीला येते. इंग्लंडमध्ये त्याने लीक आणि मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी रेल्वे केली, १९०४ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंद पडली. तिची दोन्ही इंजिनं किटसननेच बनवली. एकाचं नाव ‘ई. आर. कॅलथ्रॉप’. घडण आणि ऐट सगळी हिंदुस्थानी, मोठा हेडलाइट, उन्हासाठी ऐसपैस कॅब. स्टॅफर्डशायरच्या पावसात ती धावत होती याची तिथल्या लोकांना गंमत वाटे. तिच्यावर ब्रिटिश छांदिष्टांनी भरपूर काम केलं आहे, आणि त्यातून बार्शीच्या चुलत भावंडाची रेघ मिळते. बार्शीचं इंजिन बनवायला स्टॅफर्डशायरकडे पाहावं लागतं, ही जरा खटकणारी गोष्ट आहे, पण आराखडे जपायची सवय त्यांना, आपल्याला नाही.

कुर्डुवाडी हा या सगळ्यातला पुढचा मोह. तिथे अरुंद गाडीचा माल रुंद गाडीत उतरवावा लागे, दोन डबे शेजारी, मध्ये फलाट, हमालांच्या पाठीवर पोती. एकाच फळीवर नऊ मिलिमीटरचा रूळ आणि ब्रॉडगेजचा रूळ. नऊ मिलिमीटरचा खरा आणि साडेसोळाचा खोटा, दोन्ही शेजारी. ती नऊ इंचांची चोरी अशी उजेडात आणायची हिंमत अजून झाली नाही. एक उपाय आहे. ब्रॉडगेजवर फक्त एक मालडबा उभा ठेवायचा, न चालणारा, आणि त्याच्या खालचे रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरवर हाताने ठोकायचे. डबा हलणारच नसेल तर चाकं विकत घ्यायला नकोत. हे झालं तर फळी दीड फूट रुंद होईल आणि अरेंटसाहेबांची मर्यादा मोडेल.

वाडीला बसणाऱ्यांनी दुसरा विषय घ्यावा, तिथे सिमेंट आहे. निजामाच्या रेल्वेची पहिली लाइन १८७४ साली वाडीपासूनच हैदराबादकडे निघाली, आणि तिथून शहाबादपर्यंतचा पट्टा आजही चुनखडीवर जगतो. सिमेंटच्या सायडिंगला फार जागा लागत नाही: भिंत, सायलो, धुळीने पांढरे झालेले डबे. गाडी भिंतीतल्या भोकातून आत जाते आणि भोकामागे एक साधी लाकडी पेटी असते, सरकती, तीन रुळांची. आत गेलेली गाडी पेटीत उभी राहते, पेटी सरकवली की दुसरी गाडी त्याच भोकातून बाहेर येते. पाहणाऱ्याला वाटतं मागे मैलभर लाइन आहे. घर लहान असलं की ही पेटीच सर्वांत कामाची वस्तू ठरते. मात्र ब्रॉडगेज, म्हणजे तीच आखडलेल्या पायांची अडचण. ज्याला समोरून पाहायची सवय नाही त्याने जरूर करावं.

पुण्या-सोलापुराकडे दिवाळीत मुलं अंगणात किल्ला करतात, मातीवर अळीव पेरतात, पायथ्याशी मावळे उभे करतात, आणि एखादा खटपट्या पोरगा किल्ल्याच्या पोटातून चावीची गाडीही काढतो. आमच्याकडे त्या हौसेची जागा महालक्ष्म्यांच्या आरासीने घेतली आहे. भाद्रपदातले तीन दिवस घरातली सगळी खेळणी पायऱ्यांवर मांडायची, त्यात सेलवरची एक गाडी गोल फिरत असतेच. यंदा घरातून फर्मान निघालं, “अहो, त्या मांडणीची वरची फळी मला लागणार आहे. तुमचं ते काय आहे ते काढा.” बरीच बोलणी होऊन असं ठरलं की फळी निघेल, पण माझ्या सामानासकट, आणि ती खालच्या पायरीवर ठेवली जाईल. मालधक्क्यावर गासड्यांऐवजी अनारशांचं ताट ठेवायची अटही मी मान्य केली. बायका हळदी-कुंकवाला येत होत्या आणि त्यातल्या बऱ्याच जणींनी विचारलं की गाडी फिरत का नाही, नुसतीच पुढे-मागे का करते. चिठ्ठ्यांचा खेळ समजावून सांगितला तेव्हा एका आजींनी पाच चिठ्ठ्या काढल्या, गार्डाची चिठ्ठी मधोमध आली, आणि नियमाप्रमाणे ती शेवटी न्यायला हवी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग ती चिठ्ठी टाकलीच कशाला त्यात?”

त्यांचं बरोबर आहे. पुढच्या वेळी सात चिठ्ठ्यांतून चार काढायच्या, गार्डाचा डबा आधीच लावून ठेवायचा. क्रम ८४० च राहतात.